स्कँडिनेव्हियातील सारखी नावे, माणसांची आणि गावांची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतरकार, वृत्तपत्रांतील उपसंपादक, मुले शिकायला स्वीडन-डेन्मार्कला गेलेले पालक आणि प्रश्नमंजूषेची तयारी करणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्कँडिनेव्हिया म्हणजे नेमके कोणते देश?

काटेकोर अर्थाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. आइसलंडची भाषा याच कुळातली आहे. फिनलंडची फिनिश भाषा वेगळ्या कुळातली असली, तरी तेथे स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे आणि अनेक गावांना दोन-दोन नावे आहेत. नावांच्या गोंधळात या दोन्ही देशांचाही वाटा असल्यामुळे ते येथे येतात.

२. 'अँडरसेन' आणि 'अँडरसोन' ही एकाच आडनावाची दोन स्पेलिंगे आहेत का?

अर्थ एकच आहे, देश वेगळे आहेत. दोन्हींचा अर्थ 'आंदेर्सचा मुलगा' असा होतो. डॅनिश आणि नॉर्वेजियन नावांचा शेवट 'सेन' असतो, तर स्वीडिश आणि आइसलँडिक नावांचा 'सोन'. नॉर्वे १८१४ पर्यंत चार शतकांहून अधिक काळ डेन्मार्कच्या राजसत्तेशी जोडलेला होता आणि तेथील लिखापढी डॅनिशमध्ये चाले, त्यामुळे नॉर्वेतही 'सेन'च रुळले.

स्वीडिश स्पेलिंगमध्ये दोन 'एस' दिसतात, ती छपाईची चूक नव्हे. पहिला 'एस' षष्ठीचा, म्हणजे आपल्या 'चा' या प्रत्ययासारखा असतो आणि दुसरा 'सोन' या शब्दाचा असतो: एरिक, मग 'चा', मग 'मुलगा'. आडनावात जोड 'एस' दिसला की माणूस बहुधा स्वीडिश किंवा आइसलँडिक समजावा; एकाच 'एस'चे 'अँडरसन' बहुधा इंग्रजी भाषिक देशातले असते.

३. मराठीत सगळेच 'अँडरसन' लिहिले तर काय बिघडते?

बोलण्यात फारसे बिघडत नाही, छापताना बिघडते. २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून जगज्जेता झालेला नॉर्वेचा बुद्धिबळपटू कार्लसेन आहे, पण मराठी वृत्तपत्रांत तो सर्रास 'कार्लसन' होतो. 'कार्लसोन' हे स्वीडनमधील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक असल्यामुळे, दोघांनाही 'कार्लसन' केले की देश ओळखण्याची नावातली एकमेव खूण पुसली जाते. देवनागरीला 'से' आणि 'सो' यांतला भेद दाखवायला एका काना-मात्रेपलीकडे काही लागत नाही, मग तो का गमवावा?

मात्र सगळे उच्चार हुबेहूब उतरवण्याचा हट्टही माझा नाही. स्वीडिश 'अँडरसोन' प्रत्यक्षात 'आंदेशोन'च्या जवळपास ऐकू येते. तसे छापले तर वाचकाला ओळखच पटणार नाही. शेवट तेवढा जपावा, एवढेच म्हणणे आहे.

४. इतके हान्सेन, येन्सेन आणि नील्सेन आहेत; ही सगळी एकाच घराण्यातली माणसे का?

नाही, आणि हा समज सर्वांत जास्त घोटाळे करतो. मुळात ही आडनावे नव्हतीच. येन्सचा मुलगा हान्स असेल तर तो हान्स येन्सेन. त्याने आपल्या मुलाचे नाव आजोबांवरून येन्स ठेवले, तर तो येन्स हान्सेन. आणि त्याचा मुलगा पुन्हा हान्स येन्सेन. म्हणजे शेवटचे नाव दर पिढीला बदलत असे. पुढे सरकारने ते एका पिढीवर थांबवले. डेन्मार्कमध्ये १८२८ मध्ये तसा हुकूम निघाला, पण खेड्यांनी तो बरीच वर्षे फारसा मनावर घेतला नाही. स्वीडनमध्ये १९०१ चा नियम आला, नॉर्वेत १९२३ चा कायदा. संगीत खुर्चीत गाणे थांबले की जो जेथे असेल तेथे बसतो, तसे त्या घडीला बापाचे जे नाव होते ते पुढच्या सगळ्या पिढ्यांना चिकटले. बापांची नावे मोजकीच असल्यामुळे आडनावेही मोजकीच उरली. सुमारे साठ लाख वस्तीच्या डेन्मार्कमध्ये नील्सेन आणि येन्सेन प्रत्येकी दोन लाखांहून अधिक आहेत. स्वीडनमध्ये अँडरसोनही दोन लाखांच्या वर आहेत.

म्हणून या देशांत नावावर विसंबून कोणतेही सरकारी काम होत नाही. प्रत्येकाला जन्मतारखेपासून सुरू होणारा क्रमांक असतो. स्वीडनने तो १९४७ मध्ये, नॉर्वेने १९६४ मध्ये आणि डेन्मार्कने १९६८ मध्ये लागू केला.

५. डेन्मार्कचे लागोपाठ तीन पंतप्रधान रासमुसेन होते, म्हणजे ती घराणेशाही होती का?

मुळीच नाही; तिघांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. पोउल न्युरूप रासमुसेन १९९३ ते २००१, आंदेर्स फो रासमुसेन २००१ ते २००९ आणि लार्स लोक्के रासमुसेन २००९ ते २०११ असा हा क्रम आहे. लोक्के २०१५ ते २०१९ या काळात पुन्हा पंतप्रधान होते. पहिले समाजवादी लोकशाही पक्षाचे, पुढचे दोघे त्यांच्या विरोधी पक्षाचे. डॅनिश माणूस त्यांना कधीच 'रासमुसेन' म्हणत नाही. तो न्युरूप, फो आणि लोक्के म्हणतो. आडनावाने काम भागत नाही तेव्हा मधले नाव ओळखीचे काम करते आणि डॅनिश नावांत ते मधले नाव फार महत्त्वाचे असते. ते वडिलांचे नाव नसते, तर बहुधा आईकडचे किंवा कुटुंबातील दुसरे आडनाव असते. डॅनिश बातमीचे मराठी करताना 'रासमुसेन म्हणाले' असे लिहिणे म्हणजे 'पाटील म्हणाले' असे लिहून कोणते पाटील ते न सांगण्यासारखे आहे.

६. स्वीडनच्या पंतप्रधानपदी आलेल्या पहिल्या महिला मागदालेना अँडरसोन. मुलगी असून 'मुलगा' हा शेवट कसा?

कारण ते आता ठरलेले आडनाव आहे, वर्णन राहिलेले नाही. पूर्वी आंदेर्सच्या मुलीला 'आंदेर्सदोतर' म्हणत आणि जुन्या चर्चच्या नोंदवह्यांत तसेच आढळते. आडनावे गोठली तेव्हा (प्रश्न ४) पुल्लिंगी रूप गोठले आणि मुलींच्या वाट्यालाही तेच आले. १९८२ च्या कायद्यानंतर स्वीडनमध्ये आई किंवा वडिलांच्या नावावरून 'दोतर' असे नाव घेता येते, पण घेणारे थोडे आहेत.

७. आइसलंडमध्ये कोणालाच आडनाव नसते, हे खरे आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. आपल्या तिहेरी नावातून आडनाव काढून टाकले तर जे उरते, ते आइसलँडिक नाव. योन नावाच्या गृहस्थाचा मुलगा 'योन्सोन', मुलगी 'योन्सदोत्तिर', स्वतः योन त्याच्या वडिलांच्या नावाने, आणि लग्नानंतरही नाव न बदलणारी त्याची पत्नी तिच्या वडिलांच्या नावाने ओळखली जाते. एका घरात चार शेवटची नावे सहज असू शकतात. टेलिफोनची छापील यादीही पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असे. १९८० मध्ये लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दीस फिन्बोगादोत्तिर यांना आइसलंडमध्ये सगळे 'विग्दीस' म्हणत, आणि त्यात सलगी किंवा अनादर नसे. नुसते 'फिन्बोगादोत्तिर' म्हणणे म्हणजे एखाद्या बाईंना केवळ 'गणपतरावांची मुलगी' म्हणून हाक मारणे. वडिलांऐवजी आईचे नावही लावता येते, आणि २०१९ च्या कायद्यानंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद नको असलेल्यांना 'बुर', म्हणजे 'अपत्य', असा शेवट घेता येतो.

अपवाद आहेत. १९२५ च्या कायद्याने नवी आडनावे घेण्यास बंदी घातली, पण त्याआधी रुळलेली राहिली. १९५५ चे साहित्याचे नोबेल मिळवणारे हाल्दोर लाक्सनेस हे जन्माने हाल्दोर गुड्योन्सोन; ज्या शेतवाडीत ते वाढले तिचे लाक्सनेस हे नाव त्यांनी घेतले. त्यामुळे लाक्सनेस हे माणसाचेही नाव आहे आणि जागेचेही.

८. नॉर्वेत गाव आणि आडनाव एकच दिसते, ते आपल्या 'कर'सारखे आहे का?

कल्पना तीच, पण एक मोठा फरक आहे. आपले पुणेकर सातारला राहायला गेले तरी पुणेकरच राहतात. नॉर्वेत जुन्या काळी शेतवाडीचे नाव हा पत्ता होता आणि माणूस हलला की नाव बदलत असे. बाक्के या वाडीवरचा हान्स ओल्सेन हा 'हान्स ओल्सेन बाक्के'. तो हौगेन या वाडीवर कसायला गेला की 'हान्स ओल्सेन हौगेन' झाला. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी निघतात आणि एकाच वाडीवर शंभर वर्षांच्या अंतराने राहिलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कुटुंबांचे आडनाव एकच निघते. वंशावळ शोधणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घेतले तर पुष्कळ वेळ वाचतो.

शिवाय ही नावे एकाच गावची नसतात. हौगेन म्हणजे 'ते टेकाड'. शेवटचा 'एन' हा 'तो, ते' असे दाखवणारा प्रत्यय आहे. टेकाडाजवळच्या वाड्या नॉर्वेत जागोजाग आहेत, म्हणून हौगेनही जागोजाग आहेत. आता शेजारच्या स्वीडनमध्ये पाहा. तापमापनाची शंभर अंशांची श्रेणी १७४२ मध्ये मांडणाऱ्या आंदेर्स सेल्सियुस यांच्या घराण्याची मूळ वाडी 'होगेन' नावाची होती, आणि हा 'हौगेन'चाच स्वीडिश भाऊ. पूर्वजांनी विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे त्याचे लॅटिन केले. 'सेल्सुस' म्हणजे उंच. थोडक्यात, नॉर्वेचा हौगेन, स्वीडनचा सेल्सियुस आणि आपले टेकाडे हे अर्थाने एकाच आडनावाचे आहेत. हवामानखात्याच्या पत्रकात रोज छापले जाणारे 'अंश सेल्सियस' हे शब्द मला तेव्हापासून जरा वेगळेच दिसतात.

९. लिंडबेरी, बेरिस्त्रोम अशा नावांची गावे नकाशावर का सापडत नाहीत?

कारण ती बहुतेकदा गावांवरून आलेलीच नाहीत. स्वीडनमध्ये शहरी मध्यमवर्गाने निसर्गातले दोन शब्द जोडून शोभेची नावे तयार केली: लिंड हे झाड आणि 'बेरी' म्हणजे डोंगर, किंवा डोंगर आणि 'स्त्रोम' म्हणजे प्रवाह. असा डोंगर किंवा प्रवाह कोठे असलाच पाहिजे असे नाही. याच लिंड वृक्षाची एक जुनी कथा मात्र खरी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयुस यांचे वडील नील्स इंगेमार्सोन यांनी विद्यापीठात जाताना घराण्याच्या जमिनीवरील मोठ्या लिंड वृक्षावरून 'लिनेयुस' हे नाव घेतले, आणि त्याच झाडावरून नात्यातल्या इतरांनी 'लिंडेलियुस' आणि 'तिलियांडेर' ही नावे घेतली. एक झाड आणि तीन आडनावे!

शिपायांच्या नावांचा प्रकार आणखी वेगळा आहे. एका तुकडीत दहा आंदेर्स अँडरसोन असले की हुकूम कोणाला दिला हेच कळत नसे, म्हणून शिपायाला छोटे, कणखर नाव दिले जाई: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, स्वेर्ड म्हणजे तलवार. पुष्कळदा हे नाव त्याला मिळालेल्या झोपडीशी बांधलेले असे आणि त्याच्या जागी आलेल्या पुढच्या शिपायालाही तेच मिळे. नाव एक, घर एक, पण रक्ताचे नाते काहीच नाही.

१०. नोबेल हे आडनाव कोणत्या गावावरून आले?

स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या स्कोने प्रांतातील नोब्बेलोव या गावावरून. आल्फ्रेड नोबेल यांचे सतराव्या शतकातील पूर्वज पेत्रुस ओलाई यांनी गावाच्या नावाचे लॅटिनीकरण करून 'नोबेलियुस' असे नाव घेतले आणि पुढच्या पिढ्यांत त्याचे 'नोबेल' झाले. इंग्रजीत 'उदात्त' या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

येथे खोच अशी की, स्कोनेमध्ये नोब्बेलोव एकाहून अधिक आहेत. घराण्याचे गाव ओस्त्रा नोब्बेलोव, म्हणजे पूर्वेचे. लुंड शहरात सामावलेले नोर्रा नोब्बेलोव, म्हणजे उत्तरेचे, वेगळे. एकाच नावाची गावे ओळखण्यासाठी आपण बुद्रुक आणि खुर्द लावतो, तसे तेथे दिशा लावतात, किंवा स्वीडनमध्ये 'स्तूरा' आणि 'लिल्ला', डेन्मार्कमध्ये 'स्तोर' आणि 'लिले', म्हणजे थोरले आणि धाकटे. डेन्मार्कमधले स्तोर हेडिंगे आणि लिले हेडिंगे हे अगदी आपल्या बुद्रुक-खुर्दच्या धाटणीचे आहेत.

११. चार मूलद्रव्यांना नाव देणारे इट्टरबी नेमके कोठे आहे?

स्टॉकहोमजवळ, वाक्सहोल्मच्या हद्दीतील रेसारो या बेटावर. तेथल्या खाणीत १७८७ मध्ये एक जड काळा दगड सापडला, त्याच्या पृथक्करणातून पुढची वाट उघडली आणि यट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि यटर्बियम ही चारही नावे या एका गावाच्या नावातून निघाली. रेल्वेच्या नकाशावर 'इट्टरबी' शोधले तर मात्र देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, गोथेनबर्गजवळच्या कुंगेल्व येथील इट्टरबी स्थानक मिळते. ते वेगळे गाव आहे. इट्टरबी म्हणजे 'बाहेरचे गाव', आणि तसे गाव कोठेही असू शकते.

याच कथेत माणसांचाही गोंधळ आहे. तो दगड शोधणारे लष्करी अधिकारी कार्ल आक्सेल आरेनियुस. १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे स्वांते आरेनियुस १८५९ मध्ये, म्हणजे त्या शोधानंतर बहात्तर वर्षांनी जन्मले. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या टिपणांत दोघांचे एकच केलेले मी पाहिले आहे.

१२. क्रिस्तियानसांड, क्रिस्तियानसुंड, क्रिस्तियानस्टाड, क्रिस्तियानिया: हे सगळे एकाच राजाचे का?

एकाच नावाच्या राजांचे, पण एकाच राजाचे नाही. डेन्मार्कच्या गादीवर १५१३ पासून १९७२ पर्यंत क्रिस्तियान आणि फ्रेडरिक ही दोनच नावे आलटून-पालटून येत राहिली. मधल्या मार्ग्रेथे दुसऱ्या यांच्या दीर्घ कारकिर्दीनंतर २०२४ मध्ये फ्रेडरिक दहावे गादीवर आले. नॉर्वे आणि स्कोनेही त्या काळी त्याच सत्तेखाली असल्यामुळे ही दोन नावे तीन देशांच्या नकाशावर पसरली.

क्रिस्तियान चौथे हे गावे वसवण्याचे भारी हौशी. क्रिस्तियानस्टाड १६१४ मध्ये त्यांनी वसवले. तेव्हा ते डेन्मार्कमध्ये होते, १६५८ पासून स्वीडनमध्ये आहे. आग लागून बेचिराख झालेल्या ओस्लोच्या शेजारी १६२४ मध्ये त्यांनी क्रिस्तियानिया वसवले (प्रश्न १७). क्रिस्तियानसांड १६४१ चे. परंतु क्रिस्तियानसुंड १७४२ चे आहे आणि ते क्रिस्तियान सहाव्यांचे. 'सांड' म्हणजे वाळू, 'सुंड' म्हणजे सामुद्रधुनी. पहिले नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, दुसरे पश्चिम किनाऱ्यावर पार वर. एका स्वराने पाकीट भलतीकडे जाऊ नये म्हणून पत्त्यात पहिल्यापुढे दक्षिणेचे 'एस' आणि दुसऱ्यापुढे उत्तरेचे 'एन' हे अक्षर लिहिण्याची रीत पडली. बोलण्यात शेवटचा 'ड' जवळजवळ उच्चारतच नाहीत, त्यामुळे फोनवर तर 'सान' की 'सुन' हे दोनदा विचारावे.

कोपनहेगनमधील १९७१ पासूनची 'क्रिस्तियानिया' ही स्वयंघोषित मुक्त वस्ती क्रिस्तियान्सहाव्न या भागात आहे. ओस्लोच्या जुन्या नावाशी तिचा संबंध तेवढाच. स्वीडनमधील क्रिस्तिनेहाम्न मात्र राजाचे नव्हे, राणी क्रिस्तिनाचे. फ्रेडरिकांचीही तीच कथा: डेन्मार्कचे फ्रेडरिक्सहाव्न डॅनिश राजाचे, फिनलंडमधील फ्रेडरिक्सहाम्न स्वीडिश राजाचे. 'हाव्न' आणि 'हाम्न' दोन्ही म्हणजे बंदर. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला दिले तो तह याच फ्रेडरिक्सहाम्नमध्ये झाला, आणि फिनिशमध्ये त्या गावाला हामिना म्हणतात.

१३. न्यूकोबिंग नावाच्या गावापुढे एकच अक्षर का लिहिलेले असते?

कारण डेन्मार्कमध्ये न्यूकोबिंग तीन आहेत: फाल्स्टर बेटावर, मोर्स बेटावर आणि शेलंड बेटावर. ते एकटे अक्षर बेटाचे आद्याक्षर आहे आणि तोच पत्त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीने. एका परिचितांसाठी खोली राखून ठेवताना यादीत पहिले दिसलेले न्यूकोबिंग मी निवडले. पैसे भरून झाले, पावती आली आणि ती छापताना नावानंतरचे बारीक 'एम' दिसले. त्यांना जायचे होते 'एफ'ला, देशाच्या आग्नेय टोकाला, आणि खोली मिळाली होती वायव्येला, लिमफ्योर्डमधल्या मोर्सवर. पैसे परत मिळाले नाहीत.

न्यूकोबिंग म्हणजे 'नवी बाजारपेठ'. स्वीडनचे न्यूशोपिंग हे त्याच शब्दाचे स्वीडिश रूप, आणि लिनशोपिंग, नोरशोपिंग, योनशोपिंग, लिडशोपिंग ही सगळी पेठांची नावे. आपल्याकडच्या पेठांप्रमाणे येथेही आधीचा शब्द पाहावा, शेवट सगळ्यांचा सारखाच.

१४. हेल्सिंगोर, हेल्सिंगबोर्ग आणि हेल्सिंगफोर्स एकच शहर का?

तीन शहरे, तीन देश. हेल्सिंगोर डेन्मार्कमध्ये, क्रोनबोर्ग किल्ल्याचे गाव. इंग्रजीत त्याचेच एल्सिनोर होते. समोर सुमारे चार किलोमीटर पाणी ओलांडले की स्वीडनमधले हेल्सिंगबोर्ग, आणि बोटीने वीस मिनिटांत पोचता येते. हेल्सिंगफोर्स म्हणजे फिनलंडची राजधानी हेलसिंकी, तिचे स्वीडिश नाव. तुर्कू आणि ओबो हेही असेच एक शहर आहे, दोन नव्हेत.

१५. तिकिटाच्या संकेतस्थळावर 'å' या अक्षराच्या डोक्यावरचे वर्तुळ गाळले तर चालते का?

पुष्कळदा चालते, पण स्वीडनमध्ये होबू आणि हाबू अशा दोन नगरपालिका आहेत आणि रोमन लिपीत त्यांच्यात फरक आहे तो पहिल्या स्वरावरच्या त्या एका वर्तुळाचा. होबू स्टॉकहोमच्या बाजूला, हाबू योनशोपिंगजवळ वेट्टर्न सरोवराच्या काठी. देवनागरीत दोन्ही नावे कानाला पटतील अशी वेगळी लिहिता येतात, रोमन लिपीत वर्तुळ गेले की ती एकच होतात.

वर्तुळाचे ते अक्षर सजावट नव्हे. ते स्वतंत्र अक्षर असून तिन्ही भाषांच्या वर्णमालेत शेवटच्या तीन अक्षरांत येते. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवरील एका मासेमारी गावाचे संपूर्ण नावच हे एक अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ 'लहान नदी'. डेन्मार्कने १९४८ मध्ये जोड 'ए' काढून वर्तुळाचे अक्षर स्वीकारले. ओलबोर्ग शहराने जुने स्पेलिंग सोडले नाही, ओरहूसने नवे घेतले आणि २०११ मध्ये पुन्हा जुने धरले. म्हणून जोड 'ए' दिसला की 'आ' वाचू नये. नील्स बोर यांचे पुत्र, १९७५ चे नोबेल मानकरी, मराठीत 'आगे' बोर छापले जातात. त्या नावाचा आरंभ 'ओ'ने होतो.

१६. ओरहूस, वेस्तेरोस आणि उप्साला यांची नावे एकाच शब्दापासून आली, हे कसे?

तिसऱ्याच्या बाबतीत जुने नाव धरावे लागते. 'आरोस' म्हणजे नदीचे मुख. डेन्मार्कचे ओरहूस त्यावरून आले. स्वीडनमध्ये पश्चिमेचे आरोस ते वेस्तेरोस झाले आणि पूर्वेच्या आरोसला 'ओस्त्रा आरोस' म्हणत. तेराव्या शतकात आर्चबिशपांचे पीठ जवळच्या उप्सालाहून ओस्त्रा आरोसला हलले आणि पीठासोबत नावही हलले. मूळ जागेला आता गामला उप्साला, म्हणजे जुने उप्साला, म्हणतात.

१७. जुन्या कागदांत क्रिस्तियानिया असेल तर ओस्लो लिहावे का?

१ जानेवारी १९२५ पूर्वीच्या घटनेसाठी क्रिस्तियानियाच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी 'आजचे ओस्लो' असे सांगावे. गंमत अशी की, १६२४ नंतरही ओस्लो हे नाव मेले नव्हते; जुन्या जागेवरच्या वस्तीला लोक तेच म्हणत राहिले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कागदात 'ओस्लो' आले तर ते शहर नव्हे, उपनगर असते. ट्रोनहेमचेही सांभाळावे: १९३० मध्ये त्याचे मध्ययुगीन निदारोस हे नाव परत आणले गेले, शहर चिडले आणि १९३१ मध्ये ट्रोनहेम झाले.

१८. हान्स क्रिस्तियान अँडरसेन आणि हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांत गल्लत कशी टाळावी?

दोघेही डॅनिश, दोघेही कोपनहेगनचे रहिवासी आणि एकमेकांचे स्नेही होते. ओर्स्टेड (१७७७–१८५१) हे भौतिकशास्त्रज्ञ. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे त्यांनी १८२० मध्ये दाखवले. अँडरसेन (१८०५–१८७५) हे परीकथाकार, आणि ओर्स्टेड त्यांचे आधारस्तंभ. डेन्मार्कमध्ये परीकथाकाराला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. आद्याक्षरांचा डॅनिश उच्चार करून 'हो से अँडरसेन' म्हणतात. आंदेर्स सांडो ओर्स्टेड हे नाव आढळले तर आणखी सावध राहावे: ते भौतिकशास्त्रज्ञांचे बंधू, कायदेपंडित आणि पंतप्रधान, आणि त्याच नावाचे पुतणे वनस्पतिशास्त्रज्ञ.

१९. 'फ्रेडरिक्सनगोर' हे भारतातले गाव कोणते?

पश्चिम बंगालमधील, हुगळीच्या काठचे श्रीरामपूर, इंग्रजीत सेरामपोर. डॅनिश कंपनीने १७५५ मध्ये तेथे वखार घातली आणि राजे फ्रेडरिक पाचवे यांच्या नावाला आपला 'नगर' जोडला. प्रश्न १२ मधील फ्रेडरिकांच्या यादीतला हा भारतीय सदस्य. तमिळनाडूतील तरंगंबाडी १६२० पासून डॅनिशांकडे होते, आणि दोन्ही ठिकाणे १८४५ मध्ये इंग्रजांना विकली गेली.

मराठी वाचकाचा येथे दुहेरी संबंध येतो. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरी यांनी १८०० मध्ये डॅनिश निशाणाखालच्या या गावात छापखाना काढला, आणि १८०५ मध्ये त्यांचे मराठीचे इंग्रजी भाषेतील व्याकरण तेथूनच छापून निघाले. तेव्हा जुन्या ग्रंथसूचीत प्रकाशनाचे ठिकाण 'श्रीरामपूर' असे दिसले, तर अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊसपट्टा डोळ्यांसमोर आणू नये.